स्किपिओंना दिलेली सूट

रोमच्या प्रजासत्ताकात कॉन्सलपद, म्हणजे राज्याचे सर्वोच्च वार्षिक पद, वारसाहक्काने मिळत नसे. दरवर्षी निवडणूक होई, दोन कॉन्सल निवडून येत आणि वर्ष संपले की दोघेही पायउतार होत. तरीही कॉन्सलांच्या यादीत तीच ती घराणी पुन्हा पुन्हा भेटतात. कॉर्नेलिउस कुळातली स्किपिओ ही शाखा घ्या. इ.स.पू. २९८ मध्ये या घराण्याचा माणूस कॉन्सल होता आणि इ.स.पू. ५२ मध्ये, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षांनंतरही, याच रक्ताचा माणूस त्या पदावर होता. इ.स.पू. १९४, १९१ आणि १९० या पाच वर्षांच्या आतल्या तीन निवडणुकांत तीन वेगवेगळे स्किपिओ कॉन्सल झाले. कायद्याने खुली असलेली निवडणूक आणि प्रत्यक्षात मूठभर घराण्यांच्या हातात राहिलेली सत्ता, हे कोडे आपल्याला अनोळखी नाही. घराणेशाहीवर आपल्याकडे जितके बोलले जाते, तितके दुसऱ्या कुठल्या राजकीय प्रश्नावर क्वचितच बोलले जात असेल.

या चर्चेत दोन उत्तरे ठरलेली असतात. एक पक्ष म्हणतो, घरातच राजकारणाचे बाळकडू मिळाले तर मुलगा तयारीचा निघणारच. दुसरा म्हणतो, लोकांनाच राजा हवा असतो, त्याला कोण काय करणार? स्किपिओंचा इतिहास बारकाईने पाहिला तर दोन्ही उत्तरे तोकडी पडतात. या घराण्यात रोमच्या मोठ्या शत्रूला, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या हॅनिबलला, हरवणारा सेनापती जन्मला आणि त्याच सेनापतीच्या पोटी असा मुलगा जन्मला की नातेवाइकांनी त्याला न्यायासनावर बसू दिले नाही. मतदारांनी स्किपिओंना निवडून दिले तसे पाडलेही. नावामुळे उमेदवार पुढे येतो हे खरे. पण त्यामुळे लोकशाही बुडत नाही. नाव पाहून नियमाला सूट दिली जाते आणि त्या सुटीचा पायंडा पडतो, तिथे खरा धोका सुरू होतो. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते रोमच्याच पुराव्यावर तपासता येते.

आधी नावाचे वजन कसे तयार होत होते ते पाहू. ते आपोआप तयार होत नसे, ते घडवावे लागे. याचे सर्वांत तपशीलवार वर्णन पोलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने केले आहे. तो ओलीस म्हणून रोमला आला आणि धाकट्या स्किपिओच्या, म्हणजे स्किपिओ एमिलियानुसच्या निकटचा झाला, त्यामुळे त्याने हे सगळे जवळून पाहिले होते. मोठे पद भूषवलेला माणूस वारला की त्याचे प्रेत मिरवत फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, भाषणांच्या व्यासपीठापाशी आणत. बहुधा ते उभे ठेवीत, म्हणजे मागच्यांनाही दिसावे. मुलगा वयात आलेला असेल तर तो, नाहीतर दुसरा कुणी नातेवाईक व्यासपीठावर चढून मृताच्या कर्तृत्वाचे भाषण करी. नंतर त्याचा चेहरा हुबेहूब उतरवलेला मुखवटा घरातल्या सर्वांत दर्शनी जागी, लाकडी देव्हाऱ्यात ठेवला जाई. पुढे घरात दुसरा कुणी वारला की हे सगळे मुखवटे बाहेर निघत. उंची आणि चाल मिळतीजुळती असलेली माणसे ते चढवत आणि ज्याचा मुखवटा त्याच्या हुद्द्याप्रमाणे वस्त्रे नेसत. कॉन्सल किंवा प्रेटर (कॉन्सलच्या खालोखालचा, न्यायदान करणारा अधिकारी) असेल तर जांभळ्या काठाची, सेन्सॉर (नागरिकांची आणि सिनेटची यादी तपासणारा अधिकारी) असेल तर पूर्ण जांभळी, विजययात्रेचा मान मिळालेला असेल तर सोन्याच्या भरतकामाची. रथांपुढे अधिकाराचे दंड घेतलेले सेवक चालत. फोरममध्ये पोचल्यावर हे सगळे ‘पूर्वज’ हस्तिदंती खुर्च्यांवर ओळीने बसत, आणि ताज्या मृताचे गुणगान झाले की वक्ता त्यांच्यातल्या सर्वांत जुन्यापासून सुरुवात करून एकेकाचे पराक्रम सांगे.

आता हेच मतदाराच्या जागी उभे राहून पाहा. व्यासपीठावर बोलणारा तरुण काही वर्षांनी मते मागायला येणार आहे. त्याच्या मागे शंभर-दीडशे वर्षांचे कॉन्सल रांगेत बसलेले आपण डोळ्यांनी पाहिले आहेत. नव्या घरातून आलेल्या उमेदवाराकडे या रांगेला उत्तर नव्हते, कारण मुखवट्याचा मान ठरावीक वरच्या पदांवर पोचलेल्या माणसांच्याच घराला मिळे. स्किपिओंनी तर यातही कडी केली. हॅनिबलला हरवलेल्या थोरल्या स्किपिओचा, आफ्रिकानुसचा, मुखवटा घरात नव्हे तर कॅपिटोल टेकडीवरच्या ज्युपिटरच्या मंदिरात ठेवलेला असे. घरात मृत्यू झाला की तो तिथून आणला जाई. म्हणजे राष्ट्रदैवताचे देऊळ आणि एका कुटुंबाची अंत्ययात्रा यांच्यात थेट वाट तयार झाली होती.

दगडावर कोरलेली बाजूही तितकीच पक्की होती. तेव्हाच्या रोमच्या वेशीबाहेर आप्पिआ महामार्गालगत या घराण्याची भूमिगत समाधी आहे. १७८० मध्ये एका द्राक्षमळ्यात काम चालू असताना ती उजेडात आली. इतर बडी घराणी प्रेते जाळत असताना कॉर्नेलिउस कुळाने पुरण्याची चाल दीर्घकाळ टिकवली, म्हणून इथे शवपेट्या आणि त्यांवरचे लेख शिल्लक राहिले. त्यांतली सर्वांत भव्य पेटी लुसिउस कॉर्नेलिउस स्किपिओ बार्बातुसची, म्हणजे इ.स.पू. २९८च्या कॉन्सलची. करड्या ज्वालामुखी दगडातली ही पेटी आता व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. लेख म्हणतो की हा शूर आणि शहाणा होता, त्याचे रूप त्याच्या गुणांना साजेसे होते, तो ‘तुमच्यात’ कॉन्सल, सेन्सॉर आणि एडाइल (शहराची व्यवस्था आणि उत्सव पाहणारा अधिकारी) होता, त्याने साम्नियमची दोन गावे घेतली, दक्षिणेतला सगळा लुकानिया जिंकला आणि ओलीस आणले. थडग्याच्या अंधारातला हा मजकूर ‘तुमच्यात’ म्हणून मतदारांनाच उद्देशून बोलतो.

पण हाच माणूस कॉन्सलपदाच्या वर्षी लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथात उत्तरेला, एट्रुरियात लढताना दिसतो. लुकानियाच्या लोकांनी, लिव्ही सांगतो, न लढता आपण होऊन ओलीस दिले. कुणाचे खरे, यावर अभ्यासकांचे रण माजलेले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की रोमन लेखकांना स्वतःलाच या खासगी नोंदींचा भरवसा नव्हता. वक्ता आणि राजकारणी सिसेरो लिहितो की अशा मृत्युलेखी भाषणांनी आमचा इतिहास बिघडवला, त्यांत न झालेल्या विजययात्रा आणि वाढवलेली कॉन्सलपदे घुसली. लिव्हीचीही हीच तक्रार आहे. स्वतःच्या कामगिरीचे दफ्तर स्वतःच सांभाळणाऱ्या घराण्याकडून याहून वेगळे काय होणार? घराणे नवे असो वा जुने, सार्वजनिक कामाची नोंद खासगी हातात गेली की तिची जाहिरात होते. इ.स.पू. ५०च्या एका पत्रात तर सिसेरो वैतागून विचारतो, आपले पणजोबा सेन्सॉर नव्हते हे मेतेल्लुस स्किपिओला ठाऊक नाही का? या मेतेल्लुस स्किपिओने, म्हणजे इ.स.पू. ५२च्या कॉन्सलने, कॅपिटोलवर पूर्वजांचे सोन्याचा मुलामा दिलेले अश्वारूढ पुतळे उभे केले होते आणि त्यांत एकाच्या नावाखाली दुसऱ्याचे पद लागले होते. ज्याच्या जोरावर मते मागायची, तो वारसा वारसदारालाच धड माहीत नव्हता.

आता मतदानाची पद्धत. नावाचे वजन मोजले कुठे जाई हे समजल्याशिवाय पुढचे कळत नाही. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत १९३ गट होते आणि प्रत्येक गटाचे मिळून एकच मत. गट संपत्तीनुसार पाडलेले होते. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या फेरबदलानंतर घोडेस्वारांचे १८ आणि पहिल्या, सर्वांत श्रीमंत वर्गाचे ७० गट होते. सुतारकारागिरांचा एक गट धरला तर ८९. बहुमताला लागत ९७. म्हणजे श्रीमंतांचे एकमत झाले तर दुसऱ्या वर्गाच्या आठ गटांवर निकाल लागे, मतदान तिथेच थांबे आणि खालच्या वर्गांना बोलावण्याची वेळच येत नसे. मालमत्ता नसलेल्या साऱ्या नागरिकांना मिळून गट होता एक, तोही शेवटचा. शिवाय पहिल्या वर्गातला एक गट चिठ्ठी टाकून निवडत, तो सर्वांआधी मत देई आणि त्याचा निकाल लगेच पुकारला जाई. लोक तो शकुन मानत आणि पुढचे गट बहुधा त्याच वाटेने जात.

इ.स.पू. १३९ पर्यंत हे मतदान तोंडी होते. नोंद घेणाऱ्या माणसासमोर उभे राहून नाव उच्चारायचे, तो पाटीवर खूण करणार. आजूबाजूला कोण उभे आहे हे मत देणाऱ्याला दिसत असे आणि मत कुणाला गेले हे त्यांनाही. ज्याची जमीन कसतो, ज्याने कोर्टात आपली बाजू मांडली, ज्याच्या वडिलांच्या हाताखाली आपण लढाईवर गेलो, त्याच्या घरातल्या उमेदवाराविरुद्ध असे तोंडावर मत देणे सोपे नव्हते.

एवढे सगळे पाठीशी असूनही स्किपिओ पडत, आणि ‘लोकांनाच राजा हवा असतो’ म्हणणाऱ्यांनी हा भाग मुद्दाम वाचावा. इ.स.पू. १९२ च्या कॉन्सलपदासाठी आफ्रिकानुसचा चुलतभाऊ स्किपिओ नासिका उभा होता. त्याच्यासाठी स्वतः आफ्रिकानुस मते मागत फिरत होता. समोर लुसिउस क्विंक्तिउस फ्लामिनिनुस, आणि त्याच्यासाठी फिरत होता त्याचा भाऊ तितुस, मॅसिडोनियाच्या राजाला हरवून नुकताच परतलेला. नासिका पडला. लिव्ही कारण देतो ते अगदी व्यवहारातले आहे: आफ्रिकानुसची कीर्ती मोठी होती, पण जुनी झाली होती, तो दहा वर्षे सतत लोकांच्या डोळ्यांसमोर होता आणि रोज दिसणाऱ्या थोर माणसाचे अप्रूप उरत नाही. इ.स.पू. १८४ च्या सेन्सॉरपदाला दोन स्किपिओ उभे होते, आफ्रिकानुसचा भाऊ लुसिउस आणि हाच नासिका. दोघेही पडले. निवडून आला तुस्कुलुमचा केटो, ज्याच्या घरात एकही मुखवटा नव्हता.

याहून बोलका प्रसंग आफ्रिकानुसच्या मुलाचा आहे. इ.स.पू. १७४ च्या प्रेटरपदासाठी तो उभा राहिला. त्याच्या विरोधात होता सिसेरेइउस, जो पूर्वी आफ्रिकानुसचाच लेखनिक होता. मतमोजणीत गटामागून गट लेखनिकाकडे झुकू लागले. ते पाहून सिसेरेइउसने उमेदवाराचा पांढराशुभ्र टोगा अंगावरून उतरवला आणि धन्याच्या मुलासाठी मते मागायला सुरुवात केली. अशा रीतीने तो मुलगा प्रेटर झाला. पण नातेवाइकांनीच त्याला न्यायदानाला बसू दिले नाही आणि वडिलांचा चेहरा कोरलेली अंगठी त्याच्या बोटातून काढून घेतली. त्याच वर्षी सेन्सॉरांनी त्याला सिनेटमधून वगळले. सिसेरेइउस पुढच्याच वर्षी, इ.स.पू. १७३ मध्ये, स्वतः प्रेटर झाला. या प्रकरणात मतदारांचे काही चुकले नव्हते. त्यांनी लायक माणूस ओळखला होता. निकाल फिरवला तो मतदारांच्या आणि निकालाच्या मधे आलेल्या निष्ठेने. माणूस भला होता, यात शंका नाही. पण त्याच्या भलेपणाची किंमत ज्यांना न्यायनिवाडा हवा होता त्यांनी मोजली.

तेव्हा नाव ही मोठी शिदोरी होती, पण ती संपत होती, नासत होती, मतदार ती नाकारतही होते. जे नाकारता आले नाही ते वेगळेच होते.

इ.स.पू. २१३ च्या एडाइलपदाला विशीतला थोरला स्किपिओ उभा राहिला तेव्हा ट्रिब्यूनांनी, म्हणजे सामान्य लोकांच्या वतीने अडवणूक करू शकणाऱ्या प्रतिनिधींनी, हरकत घेतली की तो वयात बसत नाही. तो म्हणाला, सगळ्या रोमनांना मी एडाइल व्हावा असे वाटत असेल तर माझे वय पुरेसे आहे. हरकत मागे घेतली गेली. दोन वर्षांनी त्याचे वडील आणि काका दोघेही स्पेनमध्ये कार्थेजशी लढताना मारले गेले. इ.स.पू. २१० मध्ये त्या आघाडीवर सेनापती पाठवायचा होता. स्किपिओ पंचविशीतला, प्रेटरही न झालेला, कॉन्सल तर दूरच. तरीही लोकांच्या सभेने त्याला कॉन्सलाच्या तोडीचा अधिकार देऊन पाठवले. पद नसलेल्या माणसाला असा अधिकार मिळण्याची ही नवी रीत होती. त्याने पुढच्याच वर्षी स्पेनमधले नवे कार्थेज हे शहर घेतले, इ.स.पू. २०६ मध्ये इलिपाला कार्थेजचे सैन्य मोडले आणि २०२ मध्ये झामाला हॅनिबलला हरवले.

सुटीची बाजू मांडणारे इथेच बोट ठेवतात, आणि त्यांचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. नियम धरून बसले असते तर हा सेनापती मिळाला असता का? कदाचित नसता. सूट चुकीच्या माणसाला दिली असे मी म्हणत नाही. सूट योग्य माणसाला मिळाली आणि ती यशस्वी झाली, म्हणूनच ती घातक ठरली. फसलेली सूट कुणी पुन्हा मागत नाही. यशस्वी सुटीचे मात्र दाखले दिले जातात. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, तो असा.

इ.स.पू. १८० मध्ये रोमने लेक्स विल्लिआ हा कायदा केला. कुठल्या पदाला किमान वय किती, हे पहिल्यांदाच लिखित झाले. पुढच्या पिढ्यांच्या वहिवाटीवरून पाहता प्रेटरला ३९ आणि कॉन्सलला ४२ वर्षे लागत, आणि दोन पदांमध्ये दोन वर्षांचे अंतर. थोरल्या स्किपिओसारखी झेप पुन्हा कुणी घेऊ नये, हा त्यामागचा उद्देश उघड होता. बत्तीस वर्षांनी त्याच घराण्याच्या दत्तक नातवासाठी तो गुंडाळला गेला. स्किपिओ एमिलियानुस जन्माने एमिलिउस पाउल्लुसचा मुलगा, आफ्रिकानुसच्या दुसऱ्या, आजारी मुलाने त्याला दत्तक घेतले होते. इ.स.पू. १४८ मध्ये तो एडाइलपदाला उभा राहायला आला. वय सदतीसच्या आसपास, प्रेटरपद अजून झालेले नाही. कार्थेजचा वेढा रेंगाळला होता, लोक चिडले होते, आणि त्यांनी त्याला थेट कॉन्सल निवडले. कॉन्सलांनी कायदा दाखवला. एका ट्रिब्यूनने धमकी दिली की लोकांचे ऐकले नाही तर निवडणूक घेण्याचा अधिकारच काढून घेईन. अखेर सिनेटने तोडगा काढला: ट्रिब्यूनांनी कायदा रद्द करावा आणि वर्षाने पुन्हा लागू करावा. कॉन्सलांनी आपापले प्रांत चिठ्ठी टाकून वाटून घ्यायचे असतात; सहकारी कॉन्सलने तशी मागणीही केली. पण आफ्रिकेची मोहीम चिठ्ठीशिवाय, लोकांच्या ठरावाने एमिलियानुसला देण्यात आली. एका माणसासाठी एका हंगामात दोन नियम बाजूला पडले. इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज जमीनदोस्त झाले, आणि सूट पुन्हा यशस्वी ठरली.

तोवर दुसऱ्यांदा कॉन्सल होण्यावर बंदी आली होती. इ.स.पू. १३४ साठी एमिलियानुसला त्यातूनही मोकळीक मिळाली, कारण स्पेनमधले नुमान्तिआ पडत नव्हते. या वेळी सिनेटने नवी सैन्यभरती नाकारली. मग तो काय करतो? मित्रराजे आणि शहरे यांनी वैयक्तिक स्नेहापोटी पाठवलेले स्वयंसेवक, आणि रोममधले स्वतःचे आश्रित व मित्र, अशी सुमारे ४००० माणसे तो जमवतो आणि त्यांतल्या जवळच्यांची ‘मित्रांची तुकडी’ करतो. हेतू वाईट नव्हता, मोहीम राज्याचीच होती. पण एका घराण्याचे लागेबांधे सैन्यात रूपांतरित होऊ शकतात, हे इथे दिसून गेले. पन्नास वर्षांनी पॉम्पे नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाने वडिलांच्या प्रदेशातून स्वतःच्या हिमतीवर तीन लीजन, म्हणजे हजारो सैनिकांची तीन दले, उभी केली, तेव्हा त्याच्याकडे कुठलेच पद नव्हते. इ.स.पू. ७० मध्ये तो आधीचे एकही पद न भूषवता कॉन्सल झाला.

आणि इ.स.पू. ४३. सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन एकोणीस वर्षांचा आहे, सैन्य हाताशी आहे, कॉन्सलपद हवे आहे. त्याचे सेंच्युरियन, म्हणजे तुकड्यांचे नायक, सिनेटपुढे येतात. सिनेट वयाची अडचण सांगते. त्यावर हे शिपाईगडी जे उत्तर देतात ते इतिहासकार आप्पिआनने नोंदवले आहे: थोरला आणि धाकटा, दोन्ही स्किपिओ वयाआधीच निवडले गेले होते आणि त्यांच्या तारुण्याचा देशाला फायदाच झाला, आणि हल्ली पॉम्पेचेही तसेच झाले ना? दीडशे वर्षांपूर्वी दिलेली सूट असा पुरावा म्हणून पुढे आली. तिच्यामागे तलवार होती हे खरे. पण तलवारीलाही बोलायला दाखला लागला, आणि तो चांगल्या माणसांचा मिळाला.

दुसरी सूट हिशेबाची. लुसिउस स्किपिओने इ.स.पू. १९० मध्ये आशियात राजा अंतिओकसला हरवले, तेव्हा आफ्रिकानुस त्याचा दुय्यम म्हणून सोबत होता. लुसिउसला ती मोहीम मिळाली तीच मुळी आफ्रिकानुसने ‘मी त्याच्याबरोबर जाईन’ म्हटल्यामुळे. तहाची रक्कम १५,००० टॅलेंट (चांदी मोजण्याचे मोठे वजन) ठरली: ५०० लगेच, २५०० रोमच्या लोकांनी तह मंजूर केल्यावर, उरलेले दरसाल १००० प्रमाणे बारा वर्षांत. पुढे सिनेटमध्ये सैन्याच्या पगारासाठी घेतलेल्या पैशांचा हिशेब मागण्यात आला. आफ्रिकानुस म्हणाला, वही आहे, पण मी कुणालाही हिशेब देणे लागत नाही. आग्रह वाढला तसा त्याने भावाला वही आणायला लावली आणि सर्वांसमोर टराटरा फाडून टाकली. वर सिनेटला विचारले, या पैशांचा हिशेब मागता, मग ते १५,००० टॅलेंट कुणामुळे येताहेत हे का विचारत नाही? सभागृह गप्प झाले. पुढे लोकांपुढे आरोप ठेवला गेला तेव्हा त्याने आठवण करून दिली की आज झामाच्या लढाईचा दिवस आहे, देवाचे आभार मानायला कॅपिटोलवर चला. लोक उठून त्याच्या मागे गेले, आरोप करणारे ट्रिब्यून रिकाम्या मैदानात उभे राहिले.

हा प्रसंग शाळेत थोरवीची गोष्ट म्हणून सांगतात. मला त्याचा राग येतो. त्याने पैसे खाल्ले होते असे कुणी सिद्ध केलेले नाही; खाल्ले नसतील, तर वही दाखवायला काय हरकत होती? पराक्रम हे हिशेबाचे उत्तर नाही. पण त्या दिवसापासून ते उत्तर चालते, हे रोममधल्या प्रत्येक सेनापतीला कळले. केटोने नंतर सेन्सॉर झाल्यावर लुसिउसचा सरकारी घोडा, म्हणजे घोडेस्वार वर्गातला मान, काढून घेतला, आफ्रिकानुस रोम सोडून लिटेर्नुम या गावी निघून गेला आणि इ.स.पू. १८३ मध्ये तिथेच वारला. घराण्याला शिक्षा झाली असे वाटते. हिशेब मात्र कधीच मिळाला नाही.

रोमने उपाय केलेच नाहीत असे नाही. इ.स.पू. १३९ च्या गाबिनिआ कायद्याने निवडणुकीत तोंडी मताच्या जागी मेण चढवलेली लाकडी पाटी आली. मतदार तिच्यावर उमेदवाराची आद्याक्षरे कोरून पेटीत टाकी. १३७ मध्ये खटल्यांना, १३१ मध्ये कायद्यांना हीच पद्धत लागू झाली. १३७ च्या कायद्याला स्किपिओ एमिलियानुसचा पाठिंबा होता, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. इ.स.पू. ११९ मध्ये ट्रिब्यून मारिउसने मतदाराला ज्या अरुंद फळीवरून पेटीकडे जावे लागे ती आणखी अरुंद केली, म्हणजे बाजूला उभे राहून पाटीत डोकावायला कुणाला जागाच राहू नये. लिसिनिउस नेर्वाच्या नाण्यावर ही फळी दिसते: एक मतदार खालून पाटी घेतो आहे, दुसरा पेटीत टाकतो आहे. गुप्त मतदानाने बड्यांचा अधिकार गेला, अशी सिसेरोची तक्रार आहे. म्हणजे काही प्रमाणात उपाय लागू पडला होता. पण गटांची उतरंड तशीच राहिली, श्रीमंत आधी आणि गरीब शेवटी किंवा कधीच नाही. नवे चेहरे आले, मारिउस स्वतः, पुढे सिसेरो, पण बोटांवर मोजण्याइतके. आणि पाटीतही घोळ होई. फावोनिउस एडाइलपदाला उभा असताना धाकट्या केटोच्या, म्हणजे सेन्सॉर केटोच्या पणतूच्या, लक्षात आले की ढीगभर पाट्या एकाच हाताने लिहिलेल्या आहेत. त्याने ते मतदान रद्द करवले.

आपल्याकडे गुप्त मतदान आहे, एका माणसाला एक मत आहे, श्रीमंतांचे गट नाहीत. रोमला जे साधले नाही ते आपण पहिल्या दिवसापासून घेतले. म्हणून आपली कसोटी दुसरीकडे लागते: तिकीट कोण देतो, आणि नियमातली फट कुणासाठी उघडते. राज्यघटनेच्या १६४(४) कलमाने विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या माणसाला सहा महिने मंत्री राहता येते. पंजाबात १९९५ मध्ये दिवंगत मुख्यमंत्र्यांच्या चिरंजीवांना असे मंत्री केले गेले, ते सहा महिन्यांत निवडून आले नाहीत, पायउतार झाले, आणि त्याच विधानसभेच्या काळात निवडून न येताच पुन्हा मंत्री झाले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. आर. चौधुरी खटल्यात ही दुसरी नेमणूक घटनाबाह्य ठरवली. त्यांना निवडणूक लढवायला कुणी बंदी केली नाही, करूही नये. सूट एकदाच, ठरलेल्या मुदतीपुरती, एवढेच न्यायालयाने सांगितले. वारसांना राजकारणातून हद्दपार करण्याच्या गर्जनांपेक्षा हे मला जास्त उपयोगाचे वाटते. पक्षांतही हीच मागणी लावून धरता येईल: वारसदाराला तिकीट द्या, पण त्याच्यासाठी वय, अनुभव, खालच्या पदावरची सेवा, हिशेब यांतली कुठली अट सैल केली हे जाहीर करा, आणि तीच अट इतर कार्यकर्त्यांसाठीही सैल करा.

अट पाळली तर देश गुणी माणसाला मुकेल, या भीतीवर एक उत्तर खुद्द थोरल्या स्किपिओच्या चरित्रात आहे. इ.स.पू. २०६ मध्ये तो स्पेन जिंकून परतला. शहराबाहेर बेल्लोनाच्या मंदिरात त्याने सिनेटला कामगिरी सांगितली आणि विजययात्रेची इच्छा बोलून दाखवली. पद हाती नसताना लढलेल्या माणसाला हा मान आजवर मिळालेला नाही, असे त्याला सांगण्यात आले. त्याने हट्ट धरला नाही. १४,३४२ पौंड चांदी पुढे घालून तो साध्या माणसासारखा शहरात आला, ती खजिन्यात भरली, निवडणुकीला उभा राहिला आणि इ.स.पू. २०५ चा कॉन्सल झाला. विजययात्रा त्याला झामानंतर मिळालीच. नकार मिळाल्याने ना तो बंडाला उठला, ना रोमचे काही अडले. सव्वाशे वर्षांनी तरुण पॉम्पे पदावाचून विजययात्रा मागायला आला तेव्हा रोमचा हुकूमशहा सुल्लाने त्याला हाच दाखला दिला, की थोरल्या स्किपिओलाही ती मिळाली नव्हती. पॉम्पे म्हणाला, मावळत्यापेक्षा उगवत्या सूर्याला पुजणारे जास्त असतात. सुल्लाने हात टेकले आणि परवानगी दिली.